सात नंबरचा गाळ

लाँचच्या नाकाडावर रंगाऱ्यानं पहिलं अक्षर काढलं आणि उरलेली अक्षरं तिला न वाचताच कळली. सकाळचे साडेसात वाजले होते, ओहोटी लागली होती, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाचा ओला पट्टा उघडा पडला होता, आणि ती बरण्यांची पेटी पायाशी ठेवून भाड्याच्या होडीची वाट बघत उभी होती. प्रयोगशाळेची जुनी लाँच भंगारात गेली, नवी आली, एवढं तिला ठाऊक होतं. नवीला नाव द्यायचं ठरलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं तेही त्या पहिल्या अक्षरातच आलं होतं. रंगारी जीभ दातात धरून काना ओढत होता. "छान येतंय ना बाई?" त्यानं विचारलं. "येतंय. जरा मोठं काढलंत," ती म्हणाली. "साहेबांनीच सांगितलं, लांबून वाचता आलं पाहिजे." लांबून कशाला, तिला ते डोळे मिटूनही वाचता येत होतं. त्या नावाच्या बाईला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि आता ती खाडीच्या तोंडाशी रोज ये-जा करणार होती, ताज्या निळ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत.

प्रयोगशाळेत त्या बाईला सगळे मोठ्या बाई म्हणत. खाडीतल्या गाळात किती विष आहे ते वर्षानुवर्षं मोजत राहायचं, हे काम मोठ्या बाईंनी सुरू केलं. अकरा ठिकाणं त्यांनी ठरवली, ठिकाणांना नंबर दिले, आणि अकरा वर्षं त्या गाळ उपसत राहिल्या. मग एकेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं तीन आठवड्यांत गेल्या. दोन वर्षं त्यांची खुर्ची रिकामी राहिली. नंतर त्या खुर्चीवर ही येऊन बसली, आणि वर्षभरानं मोठ्या बाईंच्या मागे राहिलेल्या नवऱ्याशी तिनं लग्न केलं. तो लाँचवरचा मेकॅनिक होता, गाळ काढायचा लोखंडी पंजा खाली सोडायचा आणि वर घ्यायचा. चांगला माणूस होता, कमी बोलणारा. लग्नाच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी कुजबुजलं होतं, खुर्ची उष्टी आणि नवराही उष्टाच. ते तिच्या कानावर आलं, आणि कानात गेलेलं पाणी काही केल्या निघू नये तसं ते तिथंच राहिलं. तेव्हापासून ती धाकट्या बाई झाली. आज ती चोपन्न वर्षांची होती, मोठ्या बाई कधी झाल्याच नाहीत एवढी मोठी, केस कानापाशी पार पांढरे झालेले, आणि तरी बरण्या धुणाऱ्या मावशींपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ती धाकटीच. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. जिवंत म्हशीनं मात्र रोज धार देत राहायचं, आणि शेणही काढायचं.

होडी आली. पाणी संथ होतं. सात नंबरवर पोचल्यावर पंजा खाली गेला, दोर सैल पडला, आणि वर आला तो काळा, लोण्यासारखा मऊ गाळ घेऊन. समोरच्या काठावर कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याचं बंद धुराडं उभं होतं. याच कारखान्यातून पंचवीस-तीस वर्षं पारा खाडीत उतरत गेला आणि गाळात बसला, शिंपल्यांच्या अंगात गेला, शेवटी सरकारनं सात नंबरचा सगळा किनारा बंद केला. मोठ्या बाईंच्या शेवटच्या वर्षी इथल्या गाळात किलोला दोन पॉइंट चार मिलिग्रॅम पारा होता. मग त्या गेल्या, मधल्या दोन रिकाम्या वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं, आणि धाकट्या बाईंनी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा खाडकन खाली आलेला. कारखाना बंद पडला, पारा उतरला, असं सगळेच म्हणाले, आणि त्यात न पटण्यासारखं काय होतं? पुढं तो हळूहळू उतरतच राहिला. गेली तीन वर्षं एकच्या खाली होता, गेल्या खेपेला शून्य पॉइंट नऊ. सलग तीन वर्षं एकच्या खाली राहिला की किनारा उघडायचा असा नियम होता, आणि दोन आठवड्यांनी तो समारंभानं उघडणार होता. खाडी बरी झाली ती आपल्या हाताखाली, असं ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी केस विंचरताना मनात म्हणत असे. मोठ्या बाईंनी दुखणं शोधलं असेल, पण उतार पडला तो माझ्या हाताला. हे एवढं एकच तिचं स्वतःचं होतं. आणि त्याच समारंभाला ज्या लाँचमधून पाहुणे जाणार, तिच्यावर नाव कुणाचं? काठावर गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या शिंपलेवालीनं लांबूनच हात हलवला. "बाई, नक्की उघडतंय ना? सुनेला सांगून ठेवलंय, यंदा चिखलात तूही उतरायचं म्हणून!" "नक्की," ती ओरडून म्हणाली, आणि बरणीवर लेबल लिहू लागली. नंबर, तारीख, भरती की ओहोटी, त्याखाली एक रेघ. ही लिहायची रीतही मोठ्या बाईंचीच होती. पहिल्या दिवशी मावशींनी जुनी बरणी पुढ्यात ठेवून "असं लिहायचं" म्हणून सांगितलं होतं, आणि तिनं एकोणीस वर्षं ते तसंच लिहिलं होतं.

कल्पना तिला होडीतच सुचली, आणि सुचल्यावर इतकं बरं वाटलं की तिनं मागं वळून त्या निळ्या अक्षराकडं पुन्हा एकदा शांतपणे बघून घेतलं. मोठ्या बाईंची आणखी एक रीत होती. आलेल्या गाळातला अर्धाच तपासायचा, अर्धा बरणीत भरून गोठवून ठेवायचा. अर्धा आपला, अर्धा पुढच्या माणसाचा, असं त्या म्हणत, म्हणे. ('म्हणे' हा शब्द तिच्या संसारात मिठासारखा होता, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर.) कोल्ड रूममध्ये बत्तीस वर्षांचा गाळ फळ्यांवर रांगेनं बसला होता, मधल्या दोन वर्षांची फळी तेवढी रिकामी. मग त्यातली एक बरणी काढून मोजली तर? मोठ्या बाईंच्या काळचं यंत्र जुनं, डबड्यासारखं, त्याचे आकडे फुगलेले नसतीलच कशावरून? परत आल्यावर ती कोल्ड रूमच्या दारातून आत गेली तसा गारठा दातांपर्यंत पोचला. मोठ्या बाईंच्या फळीवर ते अक्षर होतं, उजवीकडं झुकलेलं, काने लांब ओढलेले, घाईतही सरळ चालणाऱ्या बाईचं अक्षर. एवढ्या वर्षांत तिनं घरातून त्या अक्षराचं नामोनिशाण काढलं होतं. वाणसामानाची एक जुनी यादीसुद्धा कपाटातल्या कागदाखालून शोधून फाडली होती. इथं मात्र ते एकशे एकवीस बरण्यांवर बसून तिच्याकडं बघत होतं. तिनं शेवटच्या वर्षाची सात नंबरची बरणी उचलली.

तिनं ती आपल्या नेहमीच्या पद्धतीनं केली. थोडा गाळ बशीत घेऊन ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर वाळवायला ठेवला, सकाळी काढला, कुटला, चाळणीतून चाळला, आम्लात विरघळवला आणि यंत्राला दिला. सोबत तपासणीचा प्रमाणित गाळही दिला. तो बाहेरून डबीत येतो, वाळवून दळून, त्यात पारा किती ते डबीवरच छापलेलं असतं. आपलं यंत्र तेवढाच दाखवतंय ना ते बघायचं, की झालं. यंत्रानं डबीवरचा आकडा बिनचूक दाखवला. मग बरणीचा आला. एक पॉइंट पाच. तिनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दीडच. मोठ्या बाईंनी त्याच गाळाला दोन पॉइंट चार म्हटलं होतं. तिला हसूच फुटलं. प्रयोगशाळेत एकटी बसलेली, पांढऱ्या कोटातली चोपन्न वर्षांची बाई तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि कॉलेजात पहिला नंबर आल्यावरही तिला एवढा आनंद झाला नव्हता. तो चांगला आनंद नव्हता हे तिला कळत होतं. पण पोटातलं एकोणीस वर्षांचं दुखणं थांबत असेल तर औषध कडू की गोड कोण बघतो? मोठ्या बाई चुकल्या होत्या! थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या दिडीनं. तिच्या स्वतःच्या आकड्यांना यानं धक्का लागत नव्हता. शून्य पॉइंट नऊ ते शून्य पॉइंट नऊच राहणार होते, किनारा उघडणारच होता. फक्त संचालकांना जाऊन हळूच सांगायचं, अगदी दुःखानं सांगायचं, की साहेब, नाव द्यायच्या आधी एकदा हे बघून घ्या. रंगाऱ्याचं काय, एक हात मारला की नाव गेलं.

संध्याकाळी नवरा बाल्कनीत शेजाऱ्यांची इस्त्री उघडून बसला होता. निवृत्त झाल्यापासून सगळ्या इमारतीची बिघडलेली यंत्रं त्याच्या मांडीवर येत. लग्नाआधी तिनं त्याला एकच अट घातली होती. घरात त्यांचं नाव काढायचं नाही. त्यानं मान हलवली होती आणि अठरा वर्षं शब्द पाळला होता, इतका की कधी कधी त्याच्या गप्प बसण्यातच तिला ते नाव ऐकू येई. मोठ्या बाई त्याला "अरे" म्हणत, हे तिला मावशींकडून कळलं होतं. चारचौघांत, लाँचवर, "अरे, जरा हळू सोड ना!" तिच्या तोंडून मात्र "अहो"च निघत आलं. "अरे" म्हणून बघावं असं तिला अनेकदा वाटलं, पण ते उसन्या पातळासारखं वाटलं असतं. आज तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि स्वतःचीच अट स्वतः मोडली. "अहो, मोठ्या बाईंचे आकडे चुकलेत."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "कुठले?"

"पाऱ्याचे. आज मी त्यांची बरणी तपासली. दीड आहे, त्यांनी दोन पॉइंट चार लिहिलंय."

त्यानं इस्त्रीचा एक स्क्रू काढून वाटीत ठेवला. "चुकले असतील," तो म्हणाला. "माणूसच होती." पण त्याचा चेहरा निराळंच सांगत होता, आणि ते तिला दिसलं. एरवी तिनं तिथंच विषय तोडला असता. आज ती जिंकलेली होती, उदार होती. "बोला ना. मी नाही रागावणार." मग तो थोडंसं हसला, आपल्याशीच. "काही नाही. मोजे आठवले. एकदा लाँचवर माझे पाय भिजले. थंडी मरणाची. मी आपले मोजे तिच्या ओव्हनमध्ये टाकले आणि बटण दिलं फिरवून, शंभराच्या पुढं. आत बशा होत्या हे कुणाला ठाऊक! तिनं बघितलं मात्र... अगं, काय तो अवतार! चोवीस बशा केराच्या डब्यात. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चाळीसच्या वर एक अंश गेला तरी पारा उडून जातो म्हणे. शिसं नाही उडत, तांबं नाही उडत, पारा उडतो. चाळीसवर तीन दिवस ठेवायची. मग चौथ्या दिवशी ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, माझ्यासाठी. चाळीसच. तो 'च' केवढा मोठा!" त्यानं हातानं 'च' दाखवला. तो अजून हसत होता, आणि हसता हसता त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हसायचा थांबला. "का गं? तुम्ही आता कितीवर ठेवता?"

ती चहाचे कप उचलून आत गेली, आपला न प्यालेला कपही. त्या चिठ्ठीची तिला आठवण करून द्यायची गरज नव्हती. नोकरीचा पहिला आठवडा होता. मोठ्या बाई असं करायच्या, मोठ्या बाई तसं करायच्या, हे ऐकून ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि त्यात ओव्हनच्या दारावर ते झुकलेलं अक्षर, हुकूम सोडणारं. तिनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि ती चिठ्ठी खरवडून काढली. मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, मोठ्या बाई तीन दिवस ठेवायच्या हो." आणि ती म्हणाली होती, "मोठ्या बाई गेल्या, मावशी. आता एका रात्रीत व्हायला हवं." आधीच्या नोकरीत ती शिसं आणि तांबं मोजायची, तिथं एकशे पाचच असायचे. तिनं बटण फिरवलं होतं. मावशी त्यानंतर पुन्हा बोलल्या नाहीत. नवऱ्याला बोलायची बंदी होती. आणि प्रमाणित गाळ बोलणार तरी कसा, तो बिचारा आधीच वाळून आलेला, ओव्हनची पायरीच न चढलेला. सगळ्या तोंडांना तिनं आपल्या हातानं कुलपं घातली होती आणि मग एकोणीस वर्षं त्या शांततेला ती आपलं यश समजत आली होती. खाडी बरी झाली नव्हती. दर वेळी तिच्या ओव्हनमधून पारा हवेत निघून जात होता आणि ती खाली उरलेलं मोजत होती. हात दाखवून अवलक्षण! ती बरणी उघडलीच नसती तर?

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. ओव्हनच्या दारावर डिंकाचा चौकोन अजून होता. स्पिरिटनं अक्षर गेलं होतं, डिंक राहिला होता, आणि त्यावर एकोणीस वर्षांची धूळ बसून तो तपकिरी झाला होता. रोज समोर होता, तिला कधी दिसला नव्हता. तिनं दोन बशा भरल्या, एक मोठ्या बाईंच्या बरणीतली, एक आपल्या स्वतःच्या, गेल्या खेपेच्या. बटण चाळीसवर आणलं. ते तिथं यायला कुरकुरलं, सवय गेली होती त्याची. आणि मग ते तीन दिवस. त्या तीन दिवसांत तिनं काय काय इच्छिलं ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याच्या आठवणीत घोटाळा असावा असं इच्छिलं. चाळीसवरही दीडच यावा असं इच्छिलं. बशा सिंकमध्ये रिकाम्या करून नळ सोडावा हेही मनात आलं, दोनदा आलं, दुसऱ्यांदा तर हात दारापर्यंत गेला. कुणाला कळणार होतं? किनारा उघडला असता, सून चिखलात उतरली असती, शिंपले बाजारात गेले असते, कुणाच्या तरी पोटातल्या बाळापर्यंत पोचले असते, आणि त्याचा आकडा कुठल्याच तक्त्यावर आला नसता. पण हे सगळं मनात येत असतानाही तिला जास्त छळत होतं ते वेगळंच. मोजे. त्याचे ते ओले मोजे, तो अवतार, तीन दिवसांचा अबोला आणि चौथ्या दिवशीची चिठ्ठी. हिच्याशी मात्र तो कधी भांडलाच नव्हता. तिनं त्याला भांडायला कधी काही दिलंच नव्हतं. एवढं हसताना तिनं त्याला कितीतरी वर्षांनी बघितलं होतं, आणि तो हसला होता कुणाच्या रागाला? त्या क्षणी तिला तिची खुर्ची नको होती, लाँच नको होती, बरोबर आकडे नको होते. आपल्यावरही कुणी असं वीस वर्षांनी हसावं एवढंच हवं होतं. पारा गेला खड्ड्यात, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि उठून ओव्हनचा काटा चाळीसवरच आहे ना ते पाहून आली.

चौथ्या दिवशी दुपारी यंत्रानं मोठ्या बाईंच्या गाळाचा आकडा दिला. दोन पॉइंट चार. अर्ध्या दाण्याचाही फरक नाही. तिच्या स्वतःच्या गाळाचा आला एक पॉइंट चार. म्हणजे खाडी थोडी बरी झाली होती खरी, कारखाना बंद पडल्याचं सार्थक झालं होतं, पण किनारा उघडण्याइतकी नाही. अजून कितीतरी वर्षं नाही. तिनं ते दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. मग तिनं संचालकांना फोन लावला. "साहेब, किनारा उघडता येणार नाही," ती म्हणाली. "माझे आकडे चुकलेत. सगळे." पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बाई, काय बोलताय? पत्रिका छापून झाल्यात!" "हो." "जुन्या आकड्यांत काही गडबड असेल हो, तेव्हाची यंत्रं..." साहेबांनी आपण होऊन दार उघडून दिलं होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचा तर तिला सराव होता. "नाही," ती म्हणाली. "जुने बरोबर आहेत. माझे चुकलेत, एकोणीस वर्षांचे. ओव्हन मी गरम ठेवला." "दुरुस्त करता येतील," ती पुढं म्हणाली. "अर्धा गाळ गोठवलेला आहे, सगळ्या वर्षांचा. मोठ्या बाईंनी... त्यांनी तशी रीत घालून दिली होती. पुन्हा मोजायला वर्ष लागेल." फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. शिंपलेवालीला आज ओहोटीच्या वेळेलाच जाऊन सांगायला हवं, एवढं मात्र आलं मनात. तिच्या शिव्या खायला हव्यात, समोर उभं राहून.

तिनं कोल्ड रूममधून आपली पहिली फळी काढायला घेतली. अकरा बरण्या, पहिल्या वर्षाच्या. मग थांबली, टेबलाशी परत आली, लेबलांच्या गठ्ठ्यातलं एक घेतलं आणि पेन उचललं. 'चाळीस' लिहिलं. क्षणभर पेन तसंच धरून राहिली आणि त्याला 'च' जोडला, लहान नाही, चांगला ठसठशीत. ओव्हनच्या दारावरचा डिंकाचा चौकोन तिनं ओल्या फडक्यानं पुसला आणि बरोबर त्याच्यावर लेबल दाबून बसवलं. मागं मावशी धुतलेल्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, लेबल वाचलं, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम हलला. "अगबाई! हे कुठं सापडलं? मोठ्या बाईंचं अक्षर..."

तिनं वळून लेबलाकडं बघितलं. उजवीकडं झुकलेलं, काना लांब ओढलेला. एकोणीस वर्षं बरण्यांवर काढलेलं अक्षर.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "माझं आहे." आणि बशांचा ट्रे त्यांच्या हातातून घेतला.